पिवळं सलाईन

मला अठरा पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते तेव्हा सर म्हणाले, आता उशीर व्हायला लागलाय.

सर म्हणजे आमचे सायकलिंगचे कोच. बारामतीत आम्हा सात मुलींना ते पहाटे शिकवायचे. त्यांच्या वेळी पोरं विशीत पहिली रेसिंग सायकल घ्यायची आणि पंचविशीत कुठे जिंकायला लागायची. आता युरोपातले संघ शाळेतल्या पोरांशी करार करतात. आधी करार येतो आणि मग दाढी येते, हा सरांचा नेहमीचा विनोद. आम्ही मुली, त्यामुळे त्यावर हसायचं की नाही ते आम्हाला कधी ठरवता आलं नाही.

माझ्या सायकलच्या पॅडलवर किती जोर पडतो ते मोजणारं एक यंत्र बसवलेलं होतं. त्याचे आकडे सरांनी युरोपातल्या एका संघाला पाठवले होते. त्या संघात तरुण मुलींची वेगळी तुकडी होती, आणि तिथल्या बाईंचा मेल आला. आकडे चांगले आहेत, वय योग्य आहे, फेब्रुवारीतल्या निवड चाचणीत पहिल्या पाचांत आली तर उन्हाळ्यात दोन महिने आमच्या शिबिराला पाठवा, तिथून पुढे कराराचं बघू. मेल मीच मोठ्याने वाचला आणि मीच मराठीत सांगितला. आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे येतो. बँकेचा असो, विम्याचा असो, नाहीतर द्राक्षांच्या निर्यातीचा. माझ्या इंग्रजी शाळेसाठीच तर आम्ही सणसर गावचं घर सोडून बारामतीला जळोचीत राहायला आलो. बाग तिकडेच राहिली आणि पप्पा रोज मोटरसायकलवर जाऊन-येऊन करायला लागले.

मेल वाचून झाल्यावर कुणी मला काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? आई देवापुढे साखर ठेवून आली. पप्पांनी काकांना फोन लावला.

मला सायकल आवडायला लागली ती त्यावर बोलावं लागत नाही म्हणून. शाळेत मी मागच्या बाकावर बसणारी. माझं इंग्रजी चांगलं होतं, पण ते वहीत. सायकलवर असताना मागून कुणी हाक मारली तरी ऐकू आलं नाही असं दाखवता येतं. नीरेच्या कालव्याच्या कडेने जाताना एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऊस, मधे मी. नववीत असताना ते सगळं माझं होतं.

मी जिंकायला लागले आणि ते माझं राहिलं नाही. इंदापूर रस्त्यावर सराव सुरू झाला की मागे पप्पांची मोटरसायकल असायची. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे जात असायचे, त्यांच्या भीतीने ते मला एकटीला सोडत नसत. त्यांचा हॉर्न मी पाठमोरी ओळखायची. सणसर मागे पडलं की एकदा, लासुर्ण्याच्या अलीकडे दोनदा. दोनदा म्हणजे वेग कमी झालाय. घरी ट्रेनर आला. ट्रेनर म्हणजे सायकल जागच्या जागी अडकवायचा स्टँड. चाक फिरतं, सायकल हलत नाही. तो हॉलमध्ये टीव्हीसमोर मांडला होता, त्यामुळे पाहुणे आले की चहा पिता पिता मला बघायचे. आकडे सरांच्या फोनवर जायचे, तिथून संघाच्या बाईंकडे. पाळी आली, झोप नीट झाली नाही, भांडण झालं, हे सगळं आकड्यांत उतरायचं आणि सर सकाळी विचारायचे, काल काय झालं गं? आईला संघाच्या आहारतज्ज्ञांनी वजनांचा तक्ता पाठवला होता. ती कणकेचा गोळा काट्यावर ठेवून त्यातून चिमूटभर काढायची आणि ती चिमूट परत परातीत टाकताना माझ्याकडे बघायची नाही.

डिसेंबरात सरांनी मला एक काम दिलं. खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांची मोठी यादी इंग्रजीत असते. ती मी वाचायची आणि बाकीच्या मुलींना मराठीत समजावून सांगायची. मी दोन रात्री वाचली. मैदानाच्या पायऱ्यांवर सहा जणी बसल्या आणि मी कागदाकडे बघत बोलत राहिले. इंजेक्शनं, रक्त वाढवणारी औषधं, दम्याचे पंप. मुली कंटाळल्या होत्या. मग मी म्हणाले, की कुठलंही औषध शिरेतून शंभर मिलिलिटरच्या वर घ्यायचं नाही. दवाखान्यात दाखल करण्यासारखं आजारपण असेल तरच.

"म्हणजे सलाईन?" एकीने विचारलं.

"हो. साधं सलाईनसुद्धा."

"मग आमचं आख्खं गाव बॅन," ती म्हणाली. "माझी आजी तर जन्मठेपेला जाईल."

सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. आमच्याकडे अशक्तपणा आला की सलाईन लावतात. परीक्षा झाली की, ऊसतोड संपली की, लेक बाळंतपणाला माहेरी आली की. औषधाच्या गोळ्यांवर कुणाचा भरवसा नसतो, पण बाटली लटकलेली दिसली की माणूस निम्मा तिथेच बरा होतो. त्यात डॉक्टर एक पिवळं इंजेक्शन सोडतात. पांढऱ्या सलाईनपेक्षा पिवळं जास्त ताकदीचं, असं सगळे मानतात.

आमच्यातली एक मात्र हसली नव्हती. ती आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. सगळ्या गेल्यावर तिने यादी माझ्या हातातून घेतली, एका नावावर बोट ठेवलं आणि ते लघवीत किती दिवस दिसतं ते कुठे लिहिलंय असं विचारलं. मी म्हणाले, यात लिहिलेलं नाही. "मग उपयोग काय तुझ्या यादीचा," ती म्हणाली आणि कागद परत दिला. मी हे कुणाला सांगितलं नाही. तिनेही मला सांगू नको म्हटलं नव्हतं. मी सांगणार नाही हे तिला माहीत होतं. माझ्याबद्दल हे सगळ्यांनाच माहीत असतं.

तोच प्रश्न पप्पांनी घरी विचारला, पण त्यांचा विचारायचा अर्थ वेगळा होता. आमची द्राक्षं युरोपला जातात. तिकडे पाठवायची म्हणजे कुठली औषधं फवारायची नाहीत याची यादी असते, आणि चालणाऱ्या औषधांचाही हिशोब असतो. तोडणीच्या इतके दिवस आधी फवारणी थांबवायची, म्हणजे मण्यात अंश राहत नाही. तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. अंश सापडला नाही की माल पास. पप्पांचं इंग्रजी बेताचं, पण औषधांची नावं ते माझ्यापेक्षा सरळ वाचतात. त्यांनी माझी यादी चष्मा लावून शेवटपर्यंत बघितली.

"ह्यात दिवस दिल्यालं न्हायती," ते म्हणाले. "किती दिवस आधी बंद करायचं ते?"

मी सांगितलं की हे तसं नाही. काही गोष्टी सापडल्या नाहीत तरी चालत नाहीत.

"सापडलंच न्हाय तर कोण म्हणणार?" त्यांना खरंच कळत नव्हतं. वीस वर्षं त्यांनी इमानदारीने बाग केली होती आणि त्यांच्या लेखी इमानदारी म्हणजे नमुना पास होणं. मी पुढे समजावलं नाही. मला लांब वाक्यं बोलायला लागली की मी मधेच सोडून देते.

फेब्रुवारीत तोडणी आणि चाचणी एकदम आली. चाचणी रविवारी सकाळी होती. शनिवारी दुपारी मी ट्रेनरवर शेवटचा हलका सराव करत होते आणि हँडल माझ्यापासून लांब गेलं. शुद्धीवर आले तेव्हा फरशी गार लागत होती आणि आई माझ्या तोंडावर पाणी मारत होती. त्या आठवड्यात वजन अर्ध्या किलोने जास्त भरलं होतं म्हणून मी दोन दिवस रात्री जेवले नव्हते. आईला वाटत होतं मी नंतर जेवते. पप्पा बागेतून तसेच आले, हाताला द्राक्षाचा चीक लागलेला, आणि मला गाडीत घालून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांचा दवाखाना बागेच्या वाटेवर आहे. मला लहानपणापासून तेच बघतात.

डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. "काही नाही, वीकनेस आहे. एक बाटली लावू, उद्या पळेल घोड्यासारखी."

दोन खाटा होत्या. एकीवर एक म्हातारी सलाईन लावून घोरत होती. स्टँड तिच्याकडे होता म्हणून माझी बाटली खिडकीच्या गजाला बांधली. पप्पा पायाशी बसले.

"पप्पा, हे चालत नाही," मी म्हणाले.

"काय चालत न्हाय?"

"सलाईन. यादीत आहे."

त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर हसले. मिठाचं पाणी आहे, बाळा. मिठाला कोण पकडतंय?

"ऐकलंस का? मिठाचं पाणी हाय," पप्पा म्हणाले. "उद्या रस्त्यात पडलीस म्हंजी? ट्रॅक्टर येत्यात मागनं. पड गपचिप."

डॉक्टरांनी सुई लावली. मग एक छोटी बाटली फोडली, सिरिंजमध्ये ओढली आणि वरच्या बाटलीत सोडली. पाणी पिवळं झालं. ते काय होतं हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात पप्पा माझे तळपाय चोळायला लागले. त्यांचे हात खरखरीत होते आणि उबदार होते. दहावीनंतर त्यांनी मला हात लावलेला मला आठवत नव्हता. मोठ्या झालेल्या मुलीला आमच्याकडे वडील जवळ घेत नाहीत. ते खाली मान घालून पाय चोळत राहिले आणि मी थेंब मोजत राहिले. शंभर मिलिलिटर कधी झाले ते बाटलीवरच्या रेघेवरून कळत होतं. त्या रेघेपर्यंत मी उजव्या हाताने सुई काढू शकत होते. रेघ गेल्यावर मोजायचं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मला खरंच बरं वाटत होतं, आणि त्याचंच वाईट वाटत होतं. रस्ता ओळखीचा होता. जंक्शन गावापासून पुढे समोरचा वारा असतो तिथे बाकीच्या मुली मागे पडल्या आणि मी, ती मोठी मुलगी आणि पुण्याची एक अशा तिघीच राहिलो. मी तिसरी आले. पहिल्या पाचांत. पप्पांनी गर्दीत कुणाचा तरी हात धरून हलवलेला मी लांबून बघितला. मोठी मुलगी दुसरी आली होती. ती सायकलवर मान टाकून उभी होती.

मग एक बाई माझ्याजवळ आल्या आणि मला कागदावर सही करायला लावली. लघवीच्या चाचणीसाठी पहिल्या आलेल्या मुलीला आणि चिठ्ठी काढून आणखी एकीला बोलावलं होतं. चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. त्या क्षणापासून त्या बाई माझ्यापासून दोन हातांवर चालत राहिल्या. मोठ्या मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला हायसं वाटलेलं मला दिसलं, आणि मला ते दिसलंय हे तिलाही कळलं.

बाथरूममध्ये त्या बाई समोर उभ्या होत्या. त्यांना समोर उभं राहावंच लागतं. मी पाऊण तास पाणी पीत बसले आणि काही होईना. त्या कंटाळल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी नळ सोडला आणि भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे झालं.

मी अठराच्या आतली, म्हणून फॉर्म भरताना पालक सोबत लागतात. पप्पा शेजारच्या खुर्चीवर बसले. अधिकारी हिंदीत बोलत होते; गेल्या सात दिवसांत जे जे औषध घेतलं असेल ते या रकान्यात लिहा म्हणाले. मी लोहाच्या गोळ्या लिहिल्या. कॅल्शियम लिहिलं. पेन उचललं नाही.

पप्पांना माझं पेन दिसत होतं. "झालं का?" त्यांनी हळूच विचारलं. मग आणखी हळू, "पाण्याचं नको लिहू. पाणी काय औषध हाय?"

मी लिहिलं. सलाईन, एक बाटली, आदल्या दिवशी, सोबत एक इंजेक्शन, नाव माहीत नाही. अक्षर चांगलं आलं होतं. सलाईन हा शब्द इंग्रजीत असला तरी पप्पांना तो वाचता येणारच होता, दवाखान्यातल्या बाटल्यांवर नेहमी बघण्यातला. त्यांनी वाचला. अधिकारी त्यांच्याकडे पेन पुढे करून थांबले होते, आणि चार माणसांत मुलीला खोटं पाडायचं म्हणजे काय करायचं ते त्यांना सुचलं नसावं. त्यांनी सही केली. ते सही करताना नेहमी खाली दोन टिंबं देतात. त्या दिवशी एकच दिलं.

नमुन्यात काहीच सापडलं नाही. पप्पांच्या हिशोबाने माल पास झाला. तरी दीड महिन्याने या चाचण्या बघणाऱ्या दिल्लीच्या कार्यालयाचा मेल आला, माझ्या स्वतःच्या लिहिण्यावरून: सलाईन घेतलं हाच नियमभंग, खुलासा द्या. मी तो मराठीत सांगितला. आई म्हणाली, "आपणच लिहून दिलं व्हय?" काकांनी फोनवर विचारलं, की एवढी इंग्रजी शाळा कशाला घातली पोरीला? सर दोन दिवस बोलले नाहीत. मग त्यांनी मैदानावर सगळ्यांसमोर सांगितलं, की असा प्रामाणिकपणा शिका. मोठी मुलगी पहिल्या रांगेत उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या.

संघाच्या बाईंनी लिहिलं, की निकाल लागेपर्यंत तुझी जागा आम्ही राखून ठेवतो, पण फार काळ नाही.

त्या आठवड्यात पप्पांनी मला एक पाकीट दिलं. आत डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं कार्ड होतं. उलट्या-जुलाब, रक्तदाब कमी, दाखल करून उपचार, दुसऱ्या दिवशी पहाटे घरी सोडलं. दाखल केलं असेल तर सलाईन चालतं हे मीच त्यांना डिसेंबरात वाचून दाखवलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. "मेलला लाव," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणले काय बी लागलं तर मी बोलतो."

मी हो म्हणाले. कार्ड स्कॅन केलं. मेल लिहिला, त्यात सगळं जसं घडलं तसं लिहिलं आणि कार्ड न लावता पाठवून दिला. पप्पांनी विचारलं, लावलं का? मी म्हणाले, लावलं.

सुनावणी लॅपटॉपवर झाली. हॉलमधला ट्रेनर आईने आधीच चादर टाकून कोपऱ्यात सरकवला होता. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसले. पलीकडे तीन माणसं होती, सौम्य बोलणारी. मधल्या बाईंनी विचारलं, तुम्हाला रुग्णालयात दाखल केलं होतं का? तसा काही कागद आहे का? असेल तर या प्रकरणाकडे आम्हाला वेगळ्या नजरेने बघता येईल. त्या मला दार उघडून देत होत्या.

"नो," मी म्हणाले. "नो, मॅडम."

तेवढं इंग्रजी पप्पांना कळतं. ते माझ्याकडे वळले नाहीत. लॅपटॉपच्या वरच्या बारीक दिव्याकडे बघत राहिले, फोटो काढताना बघतात तसे.

बंदी आली. मोठी नाही, माझं वय आणि मी स्वतः सांगितलं हे धरून कमी केलेली. पण तेवढ्यात शिबिर होऊन गेलं, आणि संघाच्या बाईंनी दोन ओळींत कळवलं की त्यांनी ती जागा दुसऱ्या मुलीला दिली आहे. ती मुलगी सोळा वर्षांची होती. त्यांनी मला शुभेच्छा दिल्या होत्या.

तो मेल सांगून झाल्यावर पप्पांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. आई आत होती. मला वाटलं आता ते कार्डाचं विचारतील.

"एक विचारू का तायडे? खरं सांगशील?"

मी मान हलवली.

"तुला जायचंच न्हवतं का?"

हा प्रश्न मला तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता. सगळे मला प्रामाणिक म्हणत होते, काही जण मूर्ख म्हणत होते, आणि दोन्ही ऐकताना मी गप्प होते, कारण फॉर्मवर ते चार शब्द लिहिताना मला काय वाटलं होतं ते मला आठवत होतं. मी खरं लिहीत होते, हे तर होतंच. पण त्याहून आधी मला असं वाटलं होतं, की आता मला कुणी नेणार नाही.

"माहीत नाही, पप्पा."

"न्हाय जायचं तर तोंडानं म्हणायचं. मी कवा तुझं ऐकलं न्हाय?"

मी आठवून बघितलं. त्यांनी ऐकलं नाही असं खरंच कधी झालं नव्हतं. दवाखान्यातसुद्धा मी 'हे चालत नाही' म्हणाले होते, 'मला नको' म्हणाले नव्हते. यादीत आहे, नियम आहे, इंग्रजीत लिहिलंय; मी नेहमी कुठल्यातरी कागदाच्या आडून बोलत आले. आणि त्यांना कागद कळत नव्हता.

"मग आता म्हण," ते म्हणाले. "हवं का नको?"

ते थांबले. एवढा वेळ माझ्या उत्तरासाठी ते कधी थांबलेले मी बघितले नव्हते. नको म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. सुनावणीचाच शर्ट त्यांनी त्या दिवशीही घातला होता; त्याची इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती.

"आत्ता नको," मी म्हणाले.

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, मान हलवली आणि माझ्यासमोरच सरांना फोन लावला. पोरगी जरा थांबतीय म्हणाले, परीक्षा हाय तिची. परीक्षा नव्हती. सर पलीकडून म्हणाले असावेत, की बंदी संपेपर्यंत थांबू दे, मग इथल्याच एखाद्या संघाचं बघू, एकोणीस म्हणजे काही अगदी गेलेली केस नाही. कारण फोन ठेवल्यावर पप्पांनी मला हेच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पप्पा बागेच्या फवारण्या लाल पेनाने लिहून ठेवतात. पाच महिन्यांनंतरच्या पानावर, छाटणीच्या खुणेशेजारी, त्यांनी माझी बंदी संपायची तारीख गोल करून ठेवली आहे. ते पान अजून वर आलेलं नाही, तरी रोज सकाळी चहा गाळताना ती मला दिसते. पान उलटायचं काम आईचं आहे, आणि ती ते कधी विसरत नाही.